प्रॉक्सीचा रकाना

लोक आमच्या बाईंना चक्रम म्हणायचे. म्हणू द्या. ज्यांना कुणीच चक्रम म्हणत नाही अशी शहाणी माणसं लातुरात मी पुष्कळ बघितली, आणि त्यातल्या एकाच्याही घरचं रिसेप्शन वेळेवर सुरू झालेलं मला आठवत नाही.

आमच्या शाळेत आम्ही सगळ्या मॅडम होतो, त्या एकट्या बाई. गणित शिकवायच्या आणि शाळेचं वेळापत्रक करायच्या. हे दुसरं काम किती वैऱ्याचं आहे ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. कुणाला पहिला तास नको, कारण पोरगं क्लासला सोडायचं असतं. कुणाला शेवटचा नको, कारण उदगीरची गाडी चुकते. बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, आणि मनात असेल तेच करायच्या. नवीन वेळापत्रक भिंतीवर लागलं की दोन दिवस स्टाफरूममध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी कळायचं की सगळं नीट बसलंय.

लग्नांचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते आमच्या हेडसरांच्या मुलीच्या रिसेप्शनला. साडेसातचा कार्यक्रम साडेनऊला सुरू झाला, नवरी स्टेजवरच चक्कर येऊन पडली, आणि पोरगी सकाळपासून उपाशी आहे हे तेव्हा तिच्या आईला कळलं. त्यानंतर स्टाफमध्ये कुणाच्याही घरी लग्न निघालं की बाई न बोलावता हजर. हातात आखलेला फुलस्केप कागद, त्यावर पाच रकाने: काम, कोण, प्रॉक्सी, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ.

शाळेत शिक्षक रजेवर असला की त्याच्या तासाला दुसऱ्याला पाठवतात, तो प्रॉक्सी. बाईंनी हीच रीत लग्नाला लावली. नवऱ्याचा मामा आला नाही तर कोण उभं राहील? आचारी आजारी पडला तर? हार आणणारा हार विसरला तर? प्रत्येक नावापुढं दुसरं नाव लिहिलेलं. लोक हसायचे. मग खरंच कुणाचा तरी मामा रुसून हदगावच्या स्टँडवर बसून राहायचा, आणि हसणारे बाईंचा कागद शोधत फिरायचे.

कागदावरची पहिली ओळ मात्र कुणाच्याही लग्नात बदलली नाही. पाहुणे यायच्या आधी दीड तास: वाढप्यांचं आणि पुऱ्या लाटणाऱ्या बायांचं जेवण. पाटावर बसवून, वाढून, गोडासकट. यजमान कुरकुर करायचे की आधी नोकरमाणसं जेवलेली बरं दिसत नाही. एकदा मीच विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची आजी गावातल्या लग्नात मांडवाबाहेर टोपली घेऊन बसायची. सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं टोपलीत पडायचं. कधी दिवस मावळायचा. "आम्ही बुद्धाचे झालो तेव्हा आजीनं पहिलं काम काय केलं तर ती टोपली चुलीत घातली," बाई म्हणाल्या. "माझ्या कागदावर कुणी जेवणासाठी ताटकळत न्हाई. ज्याला पटत न्हाई त्यानं दुसरा कागद आखावा." आणि पुन्हा वह्या तपासायला लागल्या.

मुहूर्ताचं तर विचारूच नका. बामणाघरचं लग्न असो की मराठ्याचं, पत्रिकेत बारा सत्तावीसचा मुहूर्त छापलेला असायचा आणि अक्षता पडायच्या दोनला. बाई म्हणायच्या, "आमच्यात मुहूर्त न्हाई, घड्याळ हाय. तुमच्यात दोन्ही हाय, आन् दोन्ही बंद." हे त्या नवरीच्या आजोबांच्या तोंडावर म्हणायच्या. आजोबा रागानं मनगटावरचं घड्याळ बाहीखाली ढकलायचे.

एका लग्नात पुढाऱ्याची वाट बघत मांडव खोळंबला होता. आमच्याकडं ही रीतच आहे. साहेब येणार, फेटा बांधून घेणार, शाल घेणार, वधूवरांना आशीर्वाद म्हणून पाऊण तास सोयाबीनच्या भावावर बोलणार, तोवर लहान पोरं मांडवात झोपी जाणार. बाईंनी कागदावर साहेबांना बारा दहाची वेळ दिली होती. साहेब आले सव्वा वाजता. बाई मंडपाच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "तुमचा तास झाला. आता जेवणाचा तास चालू हाय, बसा पंगतीला." साहेब बसले, जेवले, दोनदा बासुंदी मागून घेतली आणि भाषण न करता गेले. जाताना म्हणाले म्हणे, की बऱ्याच दिवसांनी गरम जेवलो.

तेव्हा लातुरात क्लासेसचा नुसता पूर आला होता. नांदेड, परभणी, बीडकडची पोरं एकेका खोलीत चौघं राहून शिकायची. बारावीचं पोरगं असलेलं घर म्हणजे सुतकातलं घर, टीव्ही बंद, पाहुणे बंद. रिसेप्शनची तारीख धरायची तर आधी बोर्डाची परीक्षा बघायची, मग मेडिकलची, मग राहिलेल्या दिवसांत काय ते लग्न. एका मोठ्या क्लासच्या मालकानं बाईंना बोलावलं. आमच्याकडं वेळापत्रक करा, म्हणाला, शाळेत काय ठेवलंय. बाईंनी कागद करून दिला. त्यानं बघितला आणि म्हणाला, मधली सुट्टी काढून टाका, तेवढ्यात एक तास बसतो. बाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "सुट्टीसुद्धा तासच हाय. तो कुणाला शिकवायचा नसतो एवढंच." परत त्या बाजूला फिरकल्या नाहीत, आणि तो क्लासवाला जिथं भेटेल तिथं बाईंना चक्रम म्हणत राहिला.

त्यांच्याकडं एक पितळी घंटा होती, जाड थाळीसारखी, लाकडी टोल्यानं वाजवायची. कार्यक्रमाला त्या ती पिशवीतून घेऊन यायच्या. एक काम संपलं, दुसरं सुरू झालं, की टोला. काठाला ती एके ठिकाणी चेपलेली होती. ती त्यांच्या पहिल्या शाळेची, किल्लारीकडच्या एका खेड्यातली. भूकंपाच्या पहाटे बाई तिथंच भाड्याच्या खोलीत होत्या. "भिंत बाहेर पडली म्हणून मी हाय. आत पडली असती तर न्हाई. ह्याच्यात कसला आलाय मुहूर्त," एवढंच म्हणायच्या. शाळेच्या दगडामातीतून त्यांनी ती घंटा स्वतः उकरून काढली, पत्र्याच्या शेडपुढच्या लिंबाला टांगली, आणि एका सकाळी साडेदहाला टोला दिला. पोरं आली. त्या दिवशी हजेरी घेतली नाही. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नाव घेतल्यावर कोण ओ देणार नाही, ते त्यांना ऐकायचं नव्हतं. मग म्हणाल्या, "पण तास घेतला. पाढे घेतले. घंटा वाजली की माणूस हलतं बघ. न्हाईतर बसून राहतं."

स्वतः लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर, "वेळापत्रकात बसलं न्हाई," म्हणायच्या. पुढं विचारायची कुणाची टाप नव्हती.

आता माझ्या लग्नाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत, आणि माझी त्यात काय लायकी दिसते तेही येऊ द्या.

माझे वडील मी बारावीत असताना गेले. हदगावला आई अंगणवाडीत लागली, त्यावर मला शिकवलं, बी.एड. केलं. वडील गेल्यापासून आई कुठल्याही लग्नात पुढं बसली नाही. गेल्या गेल्या पदर खोचायचा आणि पुऱ्या लाटायला बसायचं, म्हणजे हळदीकुंकवाच्या वेळी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. तिनं ते इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की तिला पुऱ्यांची आवडच आहे असं मी समजत होते. आपण पोरी किती आंधळ्या असतो बघा.

माझं जमलं ते उदगीरच्या घरात. सासऱ्यांची आडत, मुलगा बँकेत, माणसं चांगली. लग्न नांदेडला साधेपणानं, आणि दोन दिवसांनी लातूरला दोन्ही घरचं मिळून रिसेप्शन असं ठरलं. लातूर मला नोकरीचं आणि त्यांना जवळचं. रिसेप्शनचं बोलायला सगळे बाईंच्या घरी बसलो. सासरे, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझ्या आत्यासासूबाई, माझी आई आणि मी. बाई कागद वाचत होत्या. सात वाजता नवरानवरी स्टेजवर. सात दहाला दोन्हीकडचे आईवडील स्टेजवर. सात पस्तीसला पहिली पंगत.

आत्याबाई तिथं थांबल्या. आवाज अगदी गोड. "मुलीकडून तिचे काका-काकू उभे राहतील. जोडी पाहिजे ना वर. शुभकार्य हाय."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काकू म्हणजे प्रॉक्सी?"

"आता तुम्ही काय म्हणता ते म्हणा."

"प्रॉक्सी कधी लावतात? माणूस रजेवर असला तर. तिची आई रजेवर हाय का? ही काय समोर बसलीय चहा पिऊन राहिली."

आईनं कप खाली ठेवला. "जाऊ द्या बाई. मी खालीच बरी. पोरीचं चांगलं झालेलं बघायचं, ते वरून बघितलं काय न् खालून बघितलं काय."

"खालून तुम्ही बघता," बाई म्हणाल्या. "वर गेल्यावर लोक तुम्हाला बघतात. वर त्याच्यासाठी जायचं असतं."

सासरे पानाचा डबा उघडून त्यात काहीतरी शोधत राहिले. आणि मी? मी, शिकलीसवरलेली, वर्गात साठ पोरांवर ओरडणारी, गप्प बसले. जमलेलं लग्न मोडलं तर आईच्याच जिवाला लागेल, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे भ्याले होते. बाईंनी वडिलांच्या नावापुढं प्रॉक्सी म्हणून काकांचं नाव लिहिलं. आईच्या नावापुढच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि कागदाची नक्कल माझ्या हातात दिली. निघताना आत्याबाई दारात आईला म्हणाल्या, "कागदाचं काय एवढं. आपलं आपल्याला कळतं, नाही का विहीणबाई." आई हो म्हणाली.

रिसेप्शनला पाच-सहाशे माणूस होतं. उदगीरकडून दोन बसगाड्या भरून आलेल्या, दुपारपासून निघालेली माणसं. बाई स्टेजच्या पायऱ्यांजवळ खुर्ची टाकून, शेजारी घंटा टांगून बसल्या होत्या. वाढपी सहालाच जेवून तयार. सातला टोला पडला, आम्ही दोघं वर गेलो. सात दहाला पडला. आमचे चित्रकलेचे सर माइकवर होते. त्यांनी सासूसासऱ्यांना बोलावलं, ते आले. मग वधूच्या मातोश्री म्हणून आईचं नाव घेतलं. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. आई मागं पुऱ्यांच्या पाटाशी होती.

बाईंनी एका मॅडमना पाठवून तिला आणवलं. हाताला पीठ, पदर खोचलेला, तशीच आली. पायरीशी पोचली तर वरून आत्याबाई पुढं झाल्या. "विहीणबाई, आपलं ठरलंय ना. काकूला येऊ द्या." आणि आई वळली सुद्धा. वाद नाही, नाराजी नाही, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी वळली.

बाईंनी लाकडी टोला मांडीवर ठेवला. हाताची घडी घातली.

काका-काकू गोंधळून खालीच उभे राहिले. पाच मिनिटं गेली. सासरे खाली उतरून बाईंपाशी आले. "बाई, घ्या ना पुढं. पंगत बसवून टाकू."

"सातवं काम झाल्याशिवाय आठवं होत न्हाई."

"लोक उपाशी हायेत हो."

"मला दिसून राहिलंय."

आत्याबाई तरातरा वाढप्यांकडं गेल्या आणि पात्रं मांडा म्हणाल्या. वाढप्यांचा म्होरक्या हात बांधून उभा होता. "आम्ही घंटेवर हाव, आत्याबाई. घंटा न्हाई वाजली." साडेपाचला पाटावर बसून जिलबी खाल्लेला माणूस तो. त्याला कसली घाई होती.

मग कुजबुज सुरू झाली. मांडवभर एकच प्रश्न, काय अडलंय. आणि उत्तर खुर्चीखुर्चीवरून मागं गेलं की पोरीच्या आईला वर घेईनात. उदगीरचे एक म्हातारे आडते उठून उभे राहिले. "मग घ्या की तिला वर. पोटात कावळे ओरडून राहिलेत." लोक हसले. पण पुढच्या रांगेतली एक म्हातारी हसली नाही. आत्याबाईंच्याच नात्यातली होती, कपाळ मोकळं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या लेकाच्या लग्नात मी चुलीपाशी होते. त्याला हार घातलेला मी बघितलाच न्हाई. घ्या गं तिला वर. मला तरी बघू द्या."

मला आता सांगता येत नाही की नेमकं काय झालं, एवढं कळतं की माझे पाय हलले. तो जड शालू दोन हातांनी उचलून मी खाली उतरले, आईचा पिठाचा हात धरला. ती म्हणत होती, "अगं थांब, हात धुऊन येते." मी म्हटलं, "काही धुवायचं नाही, चल." वर नवरा आत्याबाईंना म्हणत होता, "आत्या, तू माझ्या बाजूला ये, इथं त्यांना उभं राहू दे." सासऱ्यांनी "या विहीणबाई" म्हणून हात जोडले. आत्याबाई त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. तोंड फिरवून, पण राहिल्या.

आता तरी बाईंनी वाजवावी की नाही? नाही. त्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसल्या. आई माझ्याशेजारी पदर सोडवून सारखा करत उभी, सगळा मांडव तिच्याकडं बघतोय, सर माइकवर काय बोलावं म्हणून खाकरतायत, आणि बाई बसल्यात आपल्या दगडासारख्या. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. मग एकदाचा टोला पडला, आणि माणसं पंगतीकडं धावली.

पुढं कितीतरी वर्षं शाळेत ही गोष्ट चालायची. बाईंच्या कार्यक्रमाला एक मिनिट उशीर होत नाही, फक्त हिच्या रिसेप्शनला झाला, म्हणून मला चिडवायचे. मीही तसंच समजत होते, त्या गोंधळात घड्याळ कुणी बघितलं होतं? बाई समोर असायच्या आणि वह्या तपासत राहायच्या, हो नाही की नाही नाही.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी वेळापत्रकाचं कपाट माझ्या ताब्यात आलं. शाळेच्या फायलींच्या खाली लग्नांची फाईल होती. आपला कागद कोण शोधत नाही? मी शोधला. माझ्याकडं होती ती नक्कल, हा बाईंचा स्वतःचा. वरच्या ओळी सारख्याच होत्या. सात दहापाशी मात्र लाल शाईनं एक ओळ जास्त होती, आणि ती आमच्या त्या बैठकीच्या तारखेचीच होती.

काम: भांडण. कोण: मी. प्रॉक्सी: नवरी. ठरलेली वेळ: सात दहा ते सात पस्तीस.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. त्या बैठकीत मी तोंड उघडलं नव्हतं, तरी त्यांनी त्या रकान्यात मलाच लिहिलं होतं. त्याखाली पंगत, ठरलेली वेळ सात पस्तीस, प्रत्यक्ष वेळ सात पस्तीस. एक मिनिट उशीर झाला नव्हता.

भांडणापुढं प्रत्यक्ष वेळेच्या रकान्यात सात बत्तीस लिहिलं होतं. आम्ही तीन मिनिटं आधीच उरकलं होतं. ती तीन मिनिटं माझी आई सगळ्या मांडवासमोर, काहीही काम न करता, नुसती उभी होती.